वाढत्या अंगाचं माप

मी भांडकुदळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. सव्वीस वर्षं नर्सची नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर, वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून. एवढ्या वर्षांत मी लाँड्रीशी भांडले, स्वयंपाकघराशी भांडले, औषधांच्या स्टोअरशी भांडले, आणि लिफ्टशीसुद्धा भांडले, कारण ती नेमकी गरजेच्या वेळी दुसऱ्या मजल्यावर रुसून बसायची. भांडून मला बरं वाटतं. पण एका माणसाशी भांडायला म्हणून मी तावातावाने तळघरात उतरले आणि उलट माझीच बोलती बंद झाली. त्या माणसाबद्दल सांगायचं आहे.

तो माणूस म्हणजे आमच्या हॉस्पिटलचा शिंपी. लहानथोर सगळे त्यांना मास्तर म्हणत. तळघरात बॉयलरच्या शेजारी कपड्यांची खोली होती. छताला टेकलेले रॅक, त्यांवर चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनची हिरवी कापडं यांच्या चवडी, आणि एका उंच खिडकीखाली मास्तरांचं पायाचं मशीन. त्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. मास्तर म्हणायचे की या शहरातली निम्मी माणसं मी पॅंटच्या उंचीवरून ओळखेन, आणि त्यातल्या निम्म्यांचे शिंपी नालायक आहेत.

अंगाने किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि डाव्या मनगटावर घड्याळासारखी बांधलेली टाचण्यांची चिमुकली उशी. त्या उशीत बारा टाचण्या. तेरा नाहीत, अकरा नाहीत. ऑपरेशनच्या कापडात एखादी टाचणी राहिली तर कुणाच्या जिवावर बेतेल सांगता येत नाही, म्हणून काम सुरू करताना मोजायच्या आणि संपल्यावर मोजायच्या. एकतीस वर्षांत आकडा चुकला नव्हता. याचा त्यांना इतका अभिमान होता की नवीन आलेल्या वॉर्डबॉयलाही ते पहिल्या पाच मिनिटांत हे ऐकवत. नम्रपणा हा काही मास्तरांचा गुण नव्हता.

आता आमच्या वॉर्डबद्दल. आठ खाटा, बारा ते अठरा वर्षांची मुलंमुली. ज्यांना जगणं नकोसं झालंय, ज्यांनी स्वतःला इजा करून घेतली आहे, खाणं नाहीतर बोलणंच टाकलं आहे, अशी पोरं घरचे घेऊन येत आणि आतलं वादळ ओसरेपर्यंत ती आमच्याकडे राहत. दाराबाहेर एक यादी लावलेली होती. पट्टा, बुटांची लेस, स्कार्फ, नाडी, इलॅस्टिक, पिन, काच, चार्जरची वायर. यातलं काहीही आत न्यायचं नाही. यादी मीच लिहिलेली, आणि तिच्यातला एक शब्दही मी अजून मागे घेणार नाही. पण नाडी काढलेला पायजमा कमरेवर राहत नाही, ही गोष्ट यादीत कुठे लिहिलेली नव्हती. आमची पोरं सगळीकडे एका मुठीत पायजमा धरून चालायची. डॉक्टरांशी बोलताना मूठ, आईबापांना भेटताना मूठ, दात घासताना मूठ.

त्या दिवशी एक मुलगा कॉरिडॉरमध्ये पाणी प्यायला वाकला, मूठ सुटली, आणि सगळ्यांसमोर जे व्हायचं ते झालं. बाकीची पोरं हसली नाहीत, हे जास्त वाईट होतं. प्रत्येकाला आपलीच वेळ जवळ आल्यासारखं वाटलं असणार. तो मुलगा दोन दिवस पांघरुणातून बाहेर आला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तळघरात उतरले.

मास्तर काज करत होते. मी माझा तोंडाचा पट्टा सोडला. असले ढगळ पायजमे कोण शिवतं, शिवणाऱ्याने कधी ते घालून बघितलेत का, वगैरे. ते शांतपणे म्हणाले की पायजमे माणसाच्या मापाचे नसतात, खाटेच्या मापाचे असतात, आणि चौथ्या मजल्याच्या नाड्या काढायचा लेखी हुकूम दर तीन महिन्यांनी येतो, नग चाळीस. ते पेशंट झोपूनच असतात अशी त्यांची समजूत होती. मी म्हटलं, वर या आणि बघा. खरं तर मी ते चिडून म्हटलं होतं. कुणी येत नाही. मास्तरांनी चष्मा पुसला, मशीनवर कापड झाकलं आणि माझ्या मागे पाच जिने चढले.

जेवणाची वेळ होती. दाराजवळच्या खाटेवरचा एक चौदा वर्षांचा मुलगा खिडकीपाशी उभा राहून जेवत होता, कारण आमच्या खुर्च्या त्या आठवड्यात रंगायला गेल्या होत्या. एका हातात पायजमा. ताटली खिडकीच्या कट्ट्यावर. दुसऱ्या हाताने चमचा मारला की ताटली सरकायची, मग चमचा ठेवून ताटली ओढायची, मग पुन्हा चमचा. मास्तर बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता काही विनोद करतील. ते जिन्यापाशी येऊन थांबले आणि म्हणाले, "दहा वर्षं ह्या नाड्या मी काढतोय, सिस्टर. एकदाही वर येऊन बघितलं नाही."

माझी बोलती बंद झाली ती तिथे. अकरापैकी सात वर्षं मी रोज बघत होते, आणि ते मला त्या दिवसापर्यंत शिलाईचं काम वाटलं नव्हतं.

मास्तर कामाला लागले. नाडी नाही, इलॅस्टिक नाही, धातूचं बटण नाही, तरी कमरेवर राहील असा पायजमा हवा होता. त्यांनी नेफा काढूनच टाकला. त्या जागी रुंद पट्टी, बाजूला एकावर एक येणाऱ्या दोन चुण्या, आणि कापडाच्याच सपाट गुंड्या, तीन काजांच्या, म्हणजे पोरगं वाळलं किंवा भरलं तरी चालावं. पण यासाठी ज्याच्या त्याच्या अंगाचं माप हवं. आणि मापाची टेप माझ्या यादीच्या नियमात बसत नव्हती. मी दारातच अडवली. त्यावर ते जरा गुरगुरले, मग माझ्या टेबलावरचा जुना कागद उचलून त्याची लांब पट्टी फाडली. हाती टेप यायच्या आधी आम्ही असंच मापायचो, म्हणाले. पट्टी कमरेभोवती धरायची, जिथे मिळेल तिथे नखाने खाच पाडायची, उंचीची दुसरी खाच. प्रत्येक मुलाची एक पट्टी.

आणि हे सगळं ते पोरांना 'तुम्ही' म्हणून करत. आमच्या वॉर्डात प्रत्येक जण मुलांना अरेतुरे करायचा, बाळा, राजा, शहाणी माझी. मास्तर बारा वर्षांच्या पोरालाही विचारायचे, तुम्हाला सैल आवडतं की अंगासरशी. पोरं एकमेकांकडे बघून खिदळायची. मी विचारलं, हे काय नवीन? ते म्हणाले, गिऱ्हाइकाला अरेतुरे करत नसतात. एकाने नळीसारखा घट्ट पायजमा मागितला. मास्तरांनी त्याला पंधरा मिनिटं समजावलं की त्यात गुडघा वाकणार नाही, शेवटी हात टेकले आणि नळीसारखाच शिवून दिला. गुडघा वाकला नाही. तो मुलगा दोन दिवस ताठ पायांनी फिरला आणि मग मुकाट्याने पुन्हा माप द्यायला आला. त्या दोन दिवसांत वॉर्ड जितका हसला तितका मी आधी कधी ऐकला नव्हता.

ट्रायलशिवाय कपडा द्यायचा नाही हा त्यांचा दुसरा हट्ट, आणि ट्रायलला टाचण्या लागतातच. यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी तडजोड झाली. मास्तर बारा टाचण्या घेऊन येतील, मी दारात मोजून आत सोडेन, आणि दारात मोजूनच बाहेर. दोघांनीही मोजायचं. दोघांपैकी एक जरी शुद्धीवर असला तरी काही होणार नाही, असं मी डॉक्टरबाईंना छातीठोकपणे सांगितलं.

मग ती मुलगी आली.

पंधरा वर्षांची. तिने जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता. शरीर तीन दिवसांत सावरलं, पण आल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. दिवसाला दोन-चार चमचे पोटात जात, तेही माझ्या नजरेच्या धाकाने. तिची आई रोज चारला डबा घेऊन यायची, खाटेशेजारी बसून शेजारपाजारचं, मांजराचं, कसलंही बोलत राहायची, आणि पाचला तोच भरलेला डबा घेऊन जायची. जाताना झाकण दोनदा दाबून बघायची, डब्याला गळती लागल्यासारखी. मुलगी खिडकीकडे बघत एक मूठ कमरेशी धरून बसलेली असायची. खाटेवर बसूनही मूठ सुटायची नाही.

आमच्या डॉक्टरबाई फार धीराच्या, पण वजनाचा काटा दर दोन दिवसांनी खाली येत होता. त्यांनी सांगितलं की शुक्रवारी अकरा वाजता बैठक. तोवर खाणं-बोलणं सुरू झालं नाही तर तिला सहा तासांवरच्या दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागेल. तिथे मुलांचा वेगळा विभाग नव्हता. मोठ्यांचा कुलूपबंद वॉर्ड, नाकात नळी, आणि आईला भेट आठवड्यातून एकदा. मी तिथे दोन वर्षं काम केलेलं आहे. तिथली माणसं वाईट नाहीत. पण पंधरा वर्षांची न बोलणारी मुलगी तिथे गेली तर ती किती आत निघून जाईल सांगता येत नव्हतं. आईला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, तिथे डबा चालतो का.

सोमवारी मास्तर माप घ्यायला आले. खाटेपासून दोन हात लांब उभे राहून विचारलं, माप घेऊ का. उत्तर नाही. बरं, उद्या येतो, म्हणाले आणि निघाले. मी त्यांना दारात गाठलं. शुक्रवारला मोजके दिवस राहिले असताना हे काय नाटक? बाकी काही होवो न होवो, बिचारीची मूठ तरी सुटेल. कागद गुंडाळा आणि मोकळे व्हा.

"गिऱ्हाईक हो म्हणेपर्यंत शिंपी हात लावत नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही लोक आठवडाभर न विचारता सुया टोचताय."

मी म्हटलं, त्या सुयांमुळेच ती जिवंत आहे. ते म्हणाले की बरोबर आहे, ते तुमचं काम, हे माझं. आणि गेले. मी दिवसभर धुसफुसत होते.

मंगळवारी सकाळी पुन्हा तोच प्रश्न, तितक्याच लांबून. ती काही बोलली नाही. पण उठून उभी राहिली आणि हात अंगापासून थोडे दूर धरले. मास्तरांनी ते होकार म्हणून घेतलं, मान तुकवली आणि कागदाची पट्टी फाडली. मापताना ते कधीच तोंडाकडे बघत नसत, कापडाकडे बघत. मला वाटतं त्या पोरीला आठवडाभरात तोंडाकडे न बघणारं पहिलं माणूस भेटलं असेल. आम्ही सगळे तिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होतो ना.

बुधवारी चारला ट्रायल. मी दारात टाचण्या मोजल्या, बारा. आई डबा उघडून बसलेली. पडद्याआड कपडे बदलून मुलगी आली. धावदोऱ्यावर उभा असलेला पायजमा, निळा, आणि दोन्ही हात मोकळे. त्यांचं काय करावं हे तिला कळेना. मास्तर जमिनीवर बसले, खालची दुमड घोट्याशी धरली, टाचण्या लावू लागले आणि सवयीने आपली प्रश्नावली म्हणू लागले. सैल ठीक आहे? उंची एवढी की थोडी वर? खिसा कुठल्या बाजूला? खिसे आमच्याकडे चालतच नव्हते. चाळीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

"डावीकडे," मुलगी म्हणाली.

आईच्या हातून डब्याचं झाकण पडलं आणि घरंगळत खाटेखाली गेलं. ते उचलायला कुणी वाकलं नाही. मी डॉक्टरबाईंना फोन करायला जी पळाले, ती वॉर्डात न पळण्याचा माझाच नियम मोडून. मास्तरांनी घाईघाईने दुमडीतल्या टाचण्या उपसल्या. मुलगी पायजमा उतरवायला तयार नव्हती, पांघरूण ओढून बसली. राहू द्या, सकाळी नेईन, असं म्हणून तेही नाचत जिना उतरले. ते पाच जिने उतरताना गुणगुणत होते असं झाडूवालीने मला नंतर सांगितलं.

गुरुवारी सकाळी पावणेनऊला मास्तर वर आले. जिन्याने, धापा टाकत. दारात उभं राहून त्यांनी मनगट पुढे केलं आणि एकच शब्द बोलले.

"अकरा."

आदल्या दिवशी मी बाहेर जाताना मोजल्या नव्हत्या. त्यांनीही नव्हत्या मोजल्या. दोघांपैकी एक जरी शुद्धीवर असला तर, असं मी म्हटलं होतं, आणि एका शब्दाच्या आनंदात दोघंही वाहून गेलो होतो. बारावी टाचणी सोळा-सतरा तास त्या मुलीपाशी होती. दर पंधरा मिनिटांनी तिला बघून गेलेल्यांनी ठीक आहे असंच लिहिलं होतं. पण पांघरुणाखालचं कुणाला दिसतं?

आमचा नियम स्पष्ट होता. खोली रिकामी करायची, दोन नर्सनी मुलीचे कपडे उतरवून अंग तपासायचं, गादी उसवून बघायची. मी हातमोजे चढवले. मास्तर दारातून हलले नाहीत. मी त्यांच्यावर ओरडले, आणि काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकतीस वर्षांच्या त्यांच्या अभिमानाची मी लक्तरं केली. त्यांनी ते सगळं खाली मान घालून ऐकलं.

"चूक माझी आहे, लेखी देतो," ते म्हणाले. "पण झडती चोराची घेतात, सिस्टर. चोरी तिने नाही केली. आधी मला विचारू द्या."

मी त्यांना दोन मिनिटं दिली, आणि स्वतः खाटेला खेटून उभी राहिले, हात पोचेल एवढ्या अंतरावर. मास्तर पुन्हा जमिनीवर बसले, कालच्याच जागी. म्हणाले, "ताई, काल माझी एक टाचणी इथे राहिली. मी मोजायला विसरलो, तुमच्यावर कुणाचा राग नाही. मिळाली असेल तर द्या. नाहीतर सिस्टर शोधतील, त्यांना शोधावंच लागेल."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पांघरूण बाजूला केलं आणि डावा पाय पुढे केला. घोट्याच्या आतल्या बाजूला, दुमडीत, टाचणी होती. मास्तरांनी लावली होती तशीच, जिथल्या तिथे.

"संध्याकाळीच टोचली होती," ती म्हणाली. आवाज गंजल्यासारखा येत होता. "काढली असती तर उंची चुकली असती."

आयुष्यात मी बरेच चमत्कार बघितले आहेत, बंद पडलेली हृदयं सुरू होताना बघितली आहेत, पण त्या वाक्याएवढा मोठा एकही नाही. जिला दहा दिवसांपूर्वी पुढचा दिवस नको होता, तिला पायजम्याची उंची बरोबर यायला हवी होती. टोचणारी टाचणी पायाशी घेऊन ती झोपली होती, खूण हलू नये म्हणून.

मास्तरांनी टाचणी काढली, त्या जागी खडूची रेघ मारली, टाचणी उशीत खोवली आणि मोठ्याने एक ते बारा मोजलं. मग ते शिंप्यासारखं म्हणाले, उद्या चारला तयार मिळेल.

"उद्या मी इथे आहे?" मुलीने विचारलं.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. आम्ही तिच्यासमोर दबक्या आवाजात बोलत होतो, बोलता न येणाऱ्याला ऐकूही येत नसल्यासारखे. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, अकराला ठरेल, आणि ते तुझ्या जेवणावर आणि बोलण्यावर आहे. तुलाही विचारतील. त्या दिवशी चारला आई आली, नेहमीसारखा डबा उघडला. मुलीने मूठ सोडून तो एका हातात घेतला, डाव्या हातात चमचा घेतला आणि अर्धा डबा संपवला. आईने मांजराची गोष्ट मध्येच तोडली नाही. सांगत राहिली, फक्त तिचं वाक्य कुठूनही सुरू होऊन कुठेही संपत होतं.

शुक्रवारी बैठकीत मी अहवाल ठेवला. दोन चुका, पहिली माझी. डॉक्टरबाईंनी वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि मुलीला आत बोलावून विचारलं की तुला काय वाटतं. ती म्हणाली, मला चार वाजता पायजमा मिळणार आहे. डॉक्टरबाईंनी हलवण्याचा कागद फायलीत मागे सरकवला. आठवडाभर बघू, म्हणाल्या. तो कागद पुन्हा कधी पुढे आला नाही.

याचा अर्थ सगळं गोड झालं असा नाही. पुढचे पाच आठवडे कठीण गेले. काही दिवस ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायची, एकदा ताटली फेकली, एकदा मला अशी काही शिवी दिली की मी मनातल्या मनात दाद दिली. पण बोलायची. खिशावरून मास्तरांचं आणि माझं वाजलंच. मी म्हटलं, खिसा म्हणजे लपवायची जागा. ते म्हणाले, गिऱ्हाइकाने मागितलाय. शेवटी त्यांनी मच्छरदाणीच्या जाळीचा खिसा बाहेरून लावला, आतलं सगळं दुरून दिसेल असा. तिने त्यात काय ठेवलं असेल? काही नाही. डावा हात.

त्या शुक्रवारी तो पायजमा आणायला मी तळघरात गेले तेव्हा खालची दुमड उलटून बघितली. चार बोटं कापड आत मुडपलेलं. मी लगेच सुरू झाले की एवढं कापड वाया घालवायचं काय कारण. मास्तर काजाचे दोरे कापत होते. वर न बघता म्हणाले, "वाढतं अंग आहे, सिस्टर. आत राखून ठेवावं लागतं." मी वॉर्डात परत जाताना तिसऱ्या जिन्यावर थांबले. कापड त्यांनी मंगळवारी बेतलं होतं. त्याच मंगळवारी मी तिच्या रवानगीची फाईल लावत होते.

आम्हा दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. माझी मी फाडून टाकली. मास्तरांनी आपली मशीनच्या झाकणाला आतून चिकटवली, आणि नवीन येणाऱ्याला ते पहिल्या पाच मिनिटांत दाखवू लागले, एकदा अकरा भरल्या होत्या म्हणून. वॉर्डात टाचणी कायमची बंद झाली. मास्तर आंघोळीच्या साबणाच्या झिजलेल्या पातळ वड्या घेऊन येऊ लागले, त्यांनीच खुणा करायचे, आणि पोरांनी त्यांचं नाव साबणमास्तर ठेवलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी दोनशेच्या वर पायजमे शिवले. प्रत्येक वेळी विचारून.

मुलगी घरी गेली तेव्हा पायजमा हॉस्पिटलचा, परत करायला हवा होता. मास्तरांनी त्यावर फाटका, निकामी असा शिक्का मारला आणि कागद सहीसाठी माझ्यासमोर धरला. नव्या कोऱ्या पायजम्यावर मी सही केली. सव्वीस वर्षांतली माझी ती एकमेव खोटी सही, आणि मला तिची मुळीच लाज वाटत नाही.

वर्षभराने एकदा मी उशांच्या अभ्र्यांवरून भांडायला तळघरात गेले होते. भांडण अगदी रंगात आलं होतं. दारात कुणीतरी उभं राहिलं. आधी आई दिसली, हातात पिशवी, आणि तिच्या मागे ती. गाल भरलेले, केस कापलेले, डाव्या खांद्यावर दप्तर. मला बघून ती जराशी लाजली. शिवी आठवली असावी. तिने पिशवीतून निळा पायजमा काढून मशीनवर ठेवला. धुऊन धुऊन विटला होता.

"दुमड उघडून द्या," ती मास्तरांना म्हणाली. "आखूड होतोय."

मास्तरांनी चष्मा पुसला. आता ते मापाची टेप सहज घेऊ शकले असते, भिंतीवर खिळ्याला टांगलेलीच होती. त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, लांब पट्टी फाडली आणि विचारलं, माप घेऊ का. घ्या, ती म्हणाली. ते गुडघ्यावर बसले, पट्टी धरली, नखाने खाच पाडली, मग रॅकमागच्या डब्यातून एक जुनी पट्टी काढून तिच्याशेजारी ठेवली. मला तोवर समोरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून मी अभ्रे मोजायला घेतले.

"तीन बोटं वाढलात," मास्तर म्हणाले. "आत चार आहेत. अजून एक शिल्लक राहील."

"मग पुढच्या वर्षी येते," ती म्हणाली.